वॉरगेम खेळणाऱ्यांनो, खऱ्या युद्धांबद्दल बोलताना या चुका टाळा

वॉरगेम म्हणजे नकाशा, सोंगट्या आणि फासे घेऊन टेबलावर लढाई खेळणं. त्यात वॉटर्लूचा डाव मांडला की पहिली चूक बहुधा पहिल्याच खेळीत होते आणि ती खेळी हुशारीची वाटते. फ्रेंच बाजूचा खेळाडू नेपोलियनचा मार्शल ग्रूशी याला दूर पाठवतच नाही. सगळी फौज हाताशी ठेवतो, दुपारी पूर्वेकडून प्रशियन येणार म्हणून तिकडची गावं आधीच अडवतो आणि डाव जिंकल्यावर विचारतो, ‘नेपोलियनला एवढं साधं कसं सुचलं नाही?’

सुचलं नाही, कारण त्याला माहीत नव्हतं. १६ जून १८१५ रोजी लिग्नीला मार खाल्लेला प्रशियन सेनापती ब्ल्यूशर पूर्वेला, आपल्या रसदीच्या वाटेनं मागे सरेल, हा अंदाज वेडगळ नव्हता. तो उत्तरेला वाव्रकडे वळला. १७ तारखेला ग्रूशी सुमारे ३३,००० माणसं घेऊन त्याच्या मागावर निघाला, तेव्हा १८ तारखेची, म्हणजे वॉटर्लूच्या लढाईची संध्याकाळ कुणीच पाहिलेली नव्हती. आपण मात्र ती पाहूनच टेबलाशी बसतो.

बरीच वर्षं खेळल्यावर माझं मत असं झालंय, की बाकीच्या चुका या एकाच मुळातून फुटतात. टेबलावर आपल्याला वरून सगळं दिसतं. दोन्ही फौजा, सगळे रस्ते, कोणाची ताकद किती. मग आपण बातम्यांकडेही त्याच नजरेनं बघू लागतो आणि चालू युद्धातल्या सेनापतींना मूर्ख ठरवून मोकळे होतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. प्रशियन अधिकारी राइसविट्झनं १८२४ मध्ये आपल्या लष्करापुढे ठेवलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात मधे पंच असे, खेळाडू लेखी हुकूम देत आणि शत्रूच्या ज्या तुकड्या दिसू शकतात तेवढ्याच नकाशावर मांडल्या जात. घरी हे सहज जमतं. एका मित्राला पंच करा, नकाशाच्या दोन प्रती काढा, खेळाडूंना वेगळ्या खोल्यांत बसवा आणि हुकूम दोन खेळ्या उशिरा पोहोचू द्या. वॉटर्लूसाठी आणखी एक करा. ब्ल्यूशर वाव्रला गेला की पूर्वेला, हे पंचानं गुपचूप फासा टाकून ठरवावं. मग ग्रूशीला पाठवायचं की नाही, हे ठरवताना हात कसा अडखळतो ते बघा.

रंगवलेल्या नकाशावर विसंबणं

खेळाचा नकाशा षटकोनी घरांत आखलेला असतो. षटकोनावरून तुकडी गेली की तो षटकोन आपला, हा खेळाचा नियम झाला. २०२२ च्या मार्चमध्ये कीवच्या उत्तरेचा मोठा पट्टा कित्येक नकाशांवर रशियाच्या रंगात होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रशियन सैन्याच्या हाती मुख्यतः रस्ते होते. मधली जंगलं, गावं, शेतं यांच्यावर त्याची पकड नव्हती आणि त्या रस्त्यांवरच्या गाड्यांवर तिथूनच हल्ले होत राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला तो सगळा पट्टा रिकामा झाला. रंगाचं क्षेत्रफळ मोजून निकाल सांगणाऱ्यांना हे अचानक घडल्यासारखं वाटलं. नकाशा बघताना इथून काय नेता येतं आणि कुणाच्या परवानगीनं, एवढं विचारायची सवय लावून घ्या.

रसदीचा नियम ‘ऐच्छिक’ म्हणून सोडून देणं

नियमपुस्तकात रसदीचं प्रकरण बहुधा शेवटी असतं. वाचायला कंटाळवाणं, मांडायला किचकट. म्हणून ते वगळलं जातं आणि तिथेच युद्धाचं हाड निसटतं.

पानिपतचा डाव १४ जानेवारी १७६१ च्या सकाळपासून सुरू केला, की सगळी चर्चा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि विश्वासरावांना लागलेल्या गोळीवर येऊन थांबते. पण तो दिवस ठरला आधीच्या अडीच महिन्यांत. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. त्याची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढवय्यांबरोबर आलेल्या हजारो बिनलढाऊ माणसांचं पोटही त्याच छावणीवर होतं. धान्य संपलं, जनावरांना वैरण उरली नाही, तेव्हा भाऊसाहेबांनी बाहेर पडून लढायचं ठरवलं. मी आता हा डाव नोव्हेंबरपासून मांडतो आणि रोजच्या धान्याचा हिशेब कागदावर ठेवतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात खेळाडूचा चेहराच बदलतो. बखरीतली वाक्यं तेव्हा मला निराळी ऐकू येतात.

आजच्या युद्धालाही हीच पट्टी लावा. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेननं खेरसोनजवळच्या अंतोनिव्स्की पुलावर हायमार्स रॉकेटांचा मारा सुरू केला, तेव्हा आघाडीची रेषा फारशी हललेली नव्हती. पण नीपरच्या उजव्या तीरावरच्या रशियन सैन्याचा पुरवठा त्या पुलावर आणि आणखी मोजक्या वाटांवर अवलंबून होता. नोव्हेंबरमध्ये रशियानं तो तीर सोडला. ज्यांचं लक्ष पुलांकडे आणि रेल्वेच्या जंक्शनांकडे होतं, त्यांना ही माघार महिनोन्‌महिने आधी दिसू लागली होती.

शस्त्राच्या आकड्याला भुलणं

‘रणगाड्याचे दिवस संपले’ हे वाक्य दर पिढीला नव्यानं सापडतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये सिनाईत इजिप्तच्या पायदळानं सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे जाळले, तेव्हाही ते म्हटलं गेलं. पण ते रणगाडे पुरेसं पायदळ आणि तोफखाना सोबत न घेता पुढे गेले होते. ही जोड बसवल्यावर त्याच युद्धात इस्रायलनं सुएझ कालवा ओलांडला.

अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यातल्या २०२० च्या काराबाख युद्धानंतर सगळं श्रेय ड्रोनला मिळालं. त्यातलं पुष्कळ रास्तही होतं. अझरबैजाननं जुनी आन-२ विमानं वैमानिकाविना आमिष म्हणून उडवली, त्यांच्यावर डागणारी हवाई संरक्षण यंत्रणा उघडी पडली आणि मग तिच्यावर मारा केला. तरीही ज्या शुशा शहराच्या पाडावानंतर काही दिवसांत लढाई थांबली, ते घेतलं डोंगर-जंगलातून पायी गेलेल्या हलक्या पायदळानं. पुढे युक्रेनमध्ये काराबाखात गाजलेले तेच तुर्की बनावटीचे बायरक्तार ड्रोन पहिल्या आठवड्यांत गाजले आणि रशियाचं हवाई संरक्षण सावरल्यावर मागे पडले. मग ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायचे छोटे एफपीव्ही ड्रोन आले, त्यांच्यावर रेडिओ संदेश अडवणारे जॅमर आले, जॅमरला चुकवायला ऑप्टिकल फायबरच्या तारेचे ड्रोन आले.

सोंगटीवर छापलेला आकडा मात्र शेवटच्या खेळीपर्यंत तसाच राहतो. माझ्या डावात नव्या शस्त्राला पूर्ण ताकद पहिल्या तीन खेळ्यांपुरतीच मिळते. पुढे प्रतिस्पर्ध्याला उतारा शोधण्यासाठी फासा टाकता येतो.

न आवडलेला निकाल फिरवणं

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेआधी, मे १९४२ मध्ये जपानी आरमारानं यामातो युद्धनौकेवर तिची तालीम केली. जपानी आरमाराचे वैमानिक अधिकारी फुचिदा यांनी नंतर लिहून ठेवलंय, की फाशांनुसार अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि आकागी व कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. अ‍ॅडमिरल उगाकी तालमीचे पंच होते; त्यांनी नऊचे तीन केले. आकागी वाचली, बुडालेली कागा पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. ४ जूनच्या लढाईत दोन्ही कामातून गेल्या, सोर्यू आणि हिर्यूही गेल्या.

ही गोष्ट खेळानं भविष्य वर्तवल्याचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. तालमीत हल्ला बेटावरच्या विमानांनी केला होता, प्रत्यक्षात नौका बुडवल्या त्या विमानवाहू नौकांवरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरांनी. खेळानं एक प्रश्न पुढे टाकला होता: आपली विमानं बेटावर गुंतलेली असताना बगलेवर शत्रू आला तर? तो प्रश्नच बाजूला सारला गेला. याउलट, त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलाचे अधिकारी गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण स्त्रिया जमिनीवर आखलेल्या समुद्रात पाणबुड्यांचे डाव खेळत होत्या. जर्मन पाणबुड्या जहाजांच्या काफिल्यात मागून शिरतात, हे त्यांनी तिथे शोधलं आणि त्यावरचा डावपेच नौदलाला शिकवला. पडलेला फासा पडला तसा नोंदवा. एकच डाव दहा वेळा खेळा आणि सात-तीन असा निकाल आला तर त्या तीन डावांची टिपणं जास्त नीट वाचा.

शहराला फक्त गुण समजणं

ही चूक मी सगळ्यात जास्त काळ केली. युक्रेनमधलं बाखमुत शहर एका षटकोनात मावतं. २०२२-२३ मध्ये त्याच्यासाठी महिनोन्‌महिने लढाई चालली आणि आम्ही टेबलाशी बसून ते घेण्यात किती ‘फायदा’ होता याचा वाद घालत होतो. युद्धापूर्वी तिथे सुमारे ७०,००० माणसं राहत होती. आज तिथे धड इमारत शोधावी लागते.

आता डाव मांडण्यापूर्वी मी नकाशावरच्या प्रत्येक शहराखाली तिथली युद्धापूर्वीची लोकसंख्या पेन्सिलीनं लिहितो. तोफखान्याचा मारा त्या षटकोनावर करायचा, तर खेळाडूनं आधी तो आकडा मोठ्यानं वाचायचा, मग फासा टाकायचा. जे युद्ध अजून चालू आहे, त्यातल्या शहरांना माझ्या टेबलावर विजयाचे गुण नाहीत.