गोव्यातल्या सांखळीहून काशीला: चौघांच्या खर्चाची तयारी

आधी तारीख नक्की करायची. त्रिपुरारी पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते आणि खोल्यांचे दर गगनाला भिडतात. शिवाय त्याच रात्री आमच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या होड्या सोडतात, त्या चुकवायच्या नाहीत. म्हणून निघायचं पौर्णिमा झाल्यावर आणि परतायचं धुकं पडून गाड्या रखडू लागायच्या आत. पावसाळा नकोच. गंगा घाटांवर चढते, होड्या बंद होतात.

वास्को–पाटणा गाडी आठवड्यातून एकदाच, आम्ही मडगावला चढणार. उतरायचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुघलसरायला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की लक्ष ठेवायचं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आईबाबांचं भाडं पूर्ण धरायचं. परतीची गाडी चार रात्रींच्या मुक्कामाशी जुळत नाही, म्हणून येताना मुंबईमार्गे विमान.

खोलीवर मात्र काटकसर करायची नाही. स्टेशनजवळ स्वस्तात मिळते, पण मग रोज दोनदा रिक्षा, आणि गोदौलिया चौकाच्या गर्दीतून पुढे चालणं आलंच. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. जुन्या शहरातल्या घाटांवर तर गाडी पोचतच नाही, सामान गल्लीबोळांतून न्यावं लागतं. अस्सी घाटाजवळ रस्ता बराच आत येतो, म्हणून तिथेच दोन खोल्या घ्यायच्या, रोजचे प्रत्येकी ३,००० धरून चार रात्रींचे २४,०००. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारायच्या: लिफ्ट आहे का, रिक्षा दारापासून किती पावलांवर थांबते, सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का.

जेवणखाणाला माणशी रोज ७०० प्रमाणे पाच दिवसांचे १४,०००. त्यातच सकाळची कचोरी-जिलेबी आणि थंडीतलं मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई. रिक्षा, सारनाथची फेरी आणि होडी मिळून ६,०००. आपल्याकडे मांडवीच्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. तिथे भाव करूनच बसायचं. दर माणशी की अख्ख्या होडीचा, किती वेळ, कुठल्या घाटापर्यंत, हे पाय टाकण्याआधी पक्कं करायचं. दोन फेऱ्या ठेवल्या आहेत, एक पहाटेची, एक संध्याकाळची, आणि दुसरं काहीही कापावं लागलं तरी पहाटेची मी कापणार नाही. अस्सीवरची पहाटेची आरती आणि दशाश्वमेधची सायंआरती पायऱ्यांवर बसून फुकट बघता येते.

विश्वनाथाच्या देवळात मोबाईल नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवायचा. सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून लवकर होणाऱ्या दर्शनाचं, तिकीट लागलंच तर देवस्थानाच्या संकेतस्थळावरून काढायचं, गल्लीत अडवणाऱ्या माणसाकडून नाही. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या पाकिटात.

एकूण ४४,०००, वर अडीअडचणीला ४,५००; प्रवासभाडं वेगळं. आणि शेजारच्या दोन घरांनी गंगाजल मागितलंय, तेव्हा घट्ट झाकणाचा लहान कॅन आताच बॅगेत टाकायचा. विमानात हातातल्या सामानात तो चालणार नाही, मोठ्या बॅगेतच जाईल.