गणपतीआधी भिंत रंगवायची घाई, आणि बडोद्यातल्या घरांच्या आणखी काही चुका

ऑगस्ट 2024 च्या शेवटी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली आणि कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. पाणी ओसरलं, चिखल उपसला, सोफा अंगणात उन्हाला टाकला. मग कॅलेंडर बघितलं तर 7 सप्टेंबरला गणपती. मखर ज्या भिंतीला लागतं, नेमकी तीच भिंत कमरेपर्यंत ओली. सासूबाई म्हणाल्या, "ह्या भिंतीपुढे बसवायचं बाप्पाला?" झालं. रंगाऱ्याला बोलावलं, पुट्टी भरली, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात. गणपतीत भिंत अशी झकास दिसत होती की आलेला माणूस विचारायचा, तुमच्याकडे पाणी शिरलंच नाही का? दिवाळीत पहिले फोड उठले. संक्रांतीपर्यंत सोफ्यामागून मी रोज सुपलीभर पापुद्रे झाडत होते.

चूक रंगाऱ्याची नव्हती, आमची होती. नऊ इंची विटांची भिंत एकदा पाणी प्यायली की ती सुकायला महिने लागतात. वरून कोरडी वाटते, पोटात ओल असते. त्यावर प्लास्टिक पेंट दिला की ओलीला बाहेर पडायची वाटच बंद होते. ती वाट शोधते, सोबत विटांमधले क्षार घेऊन येते, आणि पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक प्लास्टरच्या मागे फुगतात. भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच. आमचा कडिया, म्हणजे गवंडी, त्याला लूणो म्हणतो.

त्या वर्षी मखरामागे जुनी पैठणी ताणून बांधली असती तरी भागलं असतं. फारच वाटलं तर चुन्याचा एक हात. चुन्यातून भिंत श्वास घेते. पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मात्र थंडी सरेपर्यंत थांबवायला हवे होते.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीच्या पोटात आहे, रंगाचं नाव काढू नका. बाहेरच्या बाजूला जमलं तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे, खिडक्या उघडा, पंखा चालू ठेवा. बिनपैशाची तपासणी आहे, तरी करणारं घर मी क्वचितच बघितलं. मीही दुसऱ्या खेपेलाच केली.

डाग जिथे, गळती तिथेच असं समजणं

छताला डाग दिसला की आपण वर जाऊन बरोबर त्याच्या डोक्यावर सिमेंटचं ठिगळ लावतो. आमच्या वरच्या खोलीत पंख्याजवळ डाग होता. दोन वर्षं आम्ही तिथेच ठिगळं मारली. तिसऱ्या वर्षी एक म्हातारा कडिया आला. तो डागाकडे बघितल्यासारखं करून सरळ गच्चीच्या कठड्यापाशी गेला, करणीच्या मुठीने ठोकत ठोकत चालला, आणि एका जागी पोकळ आवाज आल्यावर म्हणाला, "पाणी त्यांथी नथी आवतुं बेन, अहींथी आवे छे." पाणी तिथून नाही, इथून येतंय. डागापासून आठ फूट लांब! पाणी स्लॅबमध्ये शिरतं एकीकडे, सळीच्या नाहीतर विजेच्या पाइपाच्या कडेने सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे खाली टपकतं. पंख्याजवळ तर विजेचा पाइप असतोच.

म्हणून आमच्याकडे आता पावसाळ्यात दुरुस्ती बंद, फक्त पाहणी. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख. पुढच्या सरीनंतर पुन्हा रेघ. लगेच वाढला तर गच्चीतून थेट वाट आहे. पावसानंतर दोन दिवसांनी वाढला तर पाणी कुठेतरी साचून मुरतंय. पाऊस नसतानाही वाढला तर गच्चीला दोष देऊ नका, वरचं न्हाणीघर आणि टाकीचा पाइप बघा.

गच्चीची खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी भरायचं, चोवीस तास ठेवायचं, खाली छतावर नजर ठेवायची. पण दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो. 600 चौरस फुटांच्या गच्चीवर पावणेतीन टनांच्या वर वजन पडतं. धड काँक्रीटचा स्लॅब ते सहज पेलतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या लाकडी तुळयांच्या जुन्या माळवदावर हा प्रयोग चुकूनही करू नका. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील तिथेही नको.

आता आपल्या गावची खास चूक. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर आपण काय काय करतो ते आठवा. मंडप ताणायला कठड्यात खिळे, स्पीकर बांधायला तारा, आणि दोन दिवसांनी खाली उतरताना मागे राहतो तो मांजा, पतंगांचे कागद, उंधियूच्या द्रोणांचे तुकडे. हे सगळं जूनपर्यंत पाइपाच्या तोंडाशी गोळा होतं. एकदा आमच्या गच्चीवर घोटाभर पाणी साचलं तेव्हा मी जाळी काढली. आतून मांजाचा नारळाएवढा गोळा निघाला, त्यात एक साळुंकीचं पीस. तेव्हापासून वासी उत्तरायणाच्या (सणाचा दुसरा दिवस) दुसऱ्या दिवशी जाळ्या साफ होतात आणि खिळ्यांची भोकं बुजतात. जूनमध्ये करू म्हटलं की जून येतो, कडिया येत नाही.

वॉटरप्रूफिंगचा लेप लावतानाच्या चुका ठरलेल्या आहेत. मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या स्लॅबवर लेप लावला की तो वरून झटकन सुकतो आणि खालून फुगतो. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर लावा. दोन हात द्यायचे तर दुसरा पहिल्याच्या आडवा. भेगेवर आधी जाळीचं कापड बसवा, नुसता लेप भेगेबरोबर पुन्हा चिरतो. आणि कठडा नि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात सोडू नका, तिथे वाटा करून गोलाई आणा. निम्मी गळती त्याच कोपऱ्यातून होते असं माझं मत आहे. चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) करत असाल तर पांढरे तुकडे घ्या, उन्हाळ्यात वरची खोली कमी तापते. पण उताराकडे लक्ष ठेवा, दहा फुटांना सव्वा इंच तरी हवा.

जुन्या भिंतीवर सिमेंट

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांसाठी एवढंच. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, खाली तीन फूट टाइल्स तर मुळीच लावू नका. जमिनीतली ओल खाली कोंडली की ती टाइल्सच्या वर जाऊन बाहेर पडते. लोणा नाहीसा होत नाही, फक्त डोळ्यांच्या उंचीवर येतो.

हॉल नवा करताना

सगळ्यांना हल्ली फॉल्स सीलिंग हवं असतं. दिसतं छान, मान्य. पण गळती असलेल्या छताखाली ते लावणं म्हणजे तापावर शाल पांघरणं. जिप्समचा बोर्ड आतल्या आत भिजत राहतो आणि एका रात्री पोट सुटल्यासारखा खाली येतो. आधी एक पूर्ण पावसाळा कोरडा जाऊ द्या. जुन्या घरात झोपाळा असेल तर आणखी एक गोष्ट: कड्या ज्या तुळईत आहेत ती तुळई झाकू नका. वाळवीची मातीची नळी त्या तुळईवर आधी दिसते, झाकली तर झोपाळा कुरकुरू लागेपर्यंत कळायचं नाही. आणि तो आवाज आपण तेलाने घालवतो!

जुन्या फरशीवर नवी फरशी चढवणं स्वस्त पडतं, पण न्हाणीघराची पातळी इंच-दीड इंच वर जाते आणि हॉलची तिथेच राहते. मग उंबरा संपतो. मागच्या गल्लीतल्या एका घरी आंघोळीचं पाणी हॉलच्या गालिच्यापर्यंत येतं. त्यातून आपल्याकडे रस्त्यावर दरवेळी नवा थर चढतो, जुना कोणी उकरत नाही. अनेक सोसायट्यांची फाटकं आता रस्त्याच्या खाली आहेत. नवीन काम काढताना जोतं रस्त्यापेक्षा किती उंच उरलंय ते टेपने मोजा. नजरेचा अंदाज इथे फसतो, आमचा पाच इंचांनी फसला होता.

तळमजल्यावर फर्निचर करणार असाल तर सुताराच्या "वॉटरप्रूफ प्लाय आहे" या शब्दावर जाऊ नका, प्लायवरचा शिक्का वाचा. मरीन प्लायवर आय.एस. 710 असतं. आय.एस. 303 मध्ये साधा एम.आर. प्लायही येतो आणि तो फक्त दमट हवा सोसतो, पाणी नाही. पार्टिकल बोर्ड आणि एम.डी.एफ. (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) तर पुराच्या पाण्यात पावासारखे फुगतात. आमचं टी.व्ही. युनिट बाहेर काढताना हातात तुटून आलं. आता ओट्याखाली ग्रॅनाइटचे कप्पे आहेत आणि टी.व्ही. भिंतीवर. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, मग पाच वर्षांत 2024 चा पूर, त्यामुळे पुन्हा कशाला येईल असं आमच्या गल्लीत आता कोणी म्हणत नाही.

विजेचं काम करतानाच तळमजल्याचे प्लग पुराच्या खुणेच्या वर घ्या, आणि खालच्या मजल्याची लाइन वेगळी करून घ्या, म्हणजे वर दिवे राहतात. 30 मिलीअँपिअरचं आर.सी.सी.बी. (वीज गळली की लाइन तोडणारं बटण) बसवलं असेल तर त्यावरचं टेस्ट बटण तीन-चार महिन्यांतून एकदा दाबा. खटका पडला नाही तर ते नुसतं शोभेचं आहे. पाण्यात बुडालेला बोर्ड पुसून, सुकवून स्वतः चालू करणं ही चूक मात्र गमतीची नाही. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही.

राहता राहिलं दार. श्रावणात दार फुगतं, लागत नाही, म्हणून लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेतला जातो. जानेवारीत तेच दार आक्रसतं आणि फटीतून बोटभर गारठा येतो. थांबा, मेणबत्ती घासून श्रावण काढा, दिवाळीनंतर ठरवा. आणि दाराच्या वरच्या नि खालच्या कडेवरून एकदा हात फिरवून बघा. बहुतेक दारांच्या त्या दोन कडांना रंगारी ब्रश लावतच नाही, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. आमच्या देवघराचं दार उतरवून मी स्वतः त्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले. भाद्रपद उलटून गेला, अजून कडी एका बोटाने लागते.