बंद थिएटर, आत गोदाम: ओपनस्ट्रीटमॅपवर काय लिहायचं?

ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे कुणालाही भर घालता येईल असा खुला नकाशा. त्यावर नव्याने काम सुरू केलेली मुलं हमखास विचारतात, "इमारत बंद पडलीय, पुसून टाकू का?" नका पुसू. भिंती उभ्या आहेत तोवर ती नकाशावर राहते.

सांगलीत असं बरंच दिसतं. थिएटर बंद, आत फर्निचरचं गोदाम. हळदीची वखार, दर्शनी भागात मोबाइलचं दुकान. नकाशावरच्या प्रत्येक गोष्टीला माहितीची चिठ्ठी जोडतात, तिला टॅग म्हणतात. 'बिल्डिंग' हा टॅग वास्तू मुळात कशासाठी बांधली ते सांगतो. आत आज काय चालतं ते 'शॉप', 'ऑफिस', 'अ‍ॅमेनिटी' अशा वेगळ्या टॅगमध्ये जातं. म्हणून वखारीत दुकान निघालं तरी 'बिल्डिंग=वेअरहाउस' तसंच ठेवायचं.

आत काहीच चालत नसेल तर 'डिसयूज्ड:' हा उपसर्ग लावा, पण वापराच्या टॅगला: 'डिसयूज्ड:अ‍ॅमेनिटी=सिनेमा'. 'बिल्डिंग'लाच तो लावलात तर उभी इमारत नकाशावरून दिसेनाशी होते. थोड्या डागडुजीने वापरात येईल ती जागा डिसयूज्ड. पार मोडकळीला आली असेल तर 'अबँडन्ड:'. गेटला कुलूप आहे एवढ्यावरून ठरवू नका, समोरच्या चहावाल्याला विचारा. सुट्टीमुळे बंद असलेल्या जागाही लोकांनी कायमच्या बंद करून टाकलेल्या मी पाहिल्यात.

मी यावर इतका अडून बसतो त्याला कारण कृष्णेचा पूर. 2005, 2019, 2021 ही वर्षं इथे कुणी विसरलेलं नाही. अशा वेळी दूरवर बसलेला स्वयंसेवक नकाशा उघडतो, तेव्हा शाळा बंद झालीय हे त्याला कळायला हवंच, पण तिची पक्की इमारत अजून उभी आहे हेही कळायला हवं. एक पुसलं की दोन्ही माहिती जाते.

इमारत खरोखर पाडली असेल तर काही काळ 'डिमॉलिश्ड:बिल्डिंग' ठेवा. उपग्रहचित्र जुनं असतं; ते बघून घरबसल्या कुणीतरी ती पुन्हा नकाशावर रेखाटतो. नवं चित्र आलं की खुशाल काढून टाका.

जुनं नाव 'ओल्ड_नेम'मध्ये जरूर लिहा, रिक्षावाले अजून त्याच नावाने जागा ओळखतात. बांधकामाचं वर्ष मात्र कोनशिलेवर स्वतः वाचलं असेल तरच भरा. गूगल मॅप्सवरून काहीही उचलू नका, परवान्यात ते बसत नाही. आणि जतन करताना बदलाच्या नोंदीत 'प्रत्यक्ष जाऊन पाहिलं' एवढं लिहिलंत, तर पुढचा माणूस तुमचं काम उगाच उलटवणार नाही.