गणपतीला गाडीने कोकणात उतरताना

गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि आंबोली या घाटांतून खाली उतरणाऱ्या गाड्यांमध्ये, एरवी वर्षभर केवळ शहरात फिरलेल्या गाड्यांची संख्या मोठी असते. शहरात वेग कमी असतो, उतार जेमतेम एखाद्या उड्डाणपुलाएवढा असतो आणि गाडीत बहुधा एक-दोनच माणसे असतात, त्यामुळे झिजलेले टायर आणि जुने झालेले ब्रेक ऑइल सहज खपून जाते. तीच गाडी पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन भर पावसात घाट उतरू लागली की हे दोष एकाच वेळी वर येतात. या प्रवासासाठी गाडी कशी तयार करावी आणि घाटात ती कशी चालवावी, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही, की उतारावर गाडीचा वेग गियरने धरायचा असतो आणि ब्रेक राखून ठेवायचा असतो.

सुरुवात टायरपासून करावी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे तर किमान आठवडाभर आधी करावी, म्हणजे टायर बदलायचे ठरले तरी हातात वेळ राहतो. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे. पुढच्या चाकाची नक्षी समोर येते आणि उकिडवे बसून ती नीट पाहता येते. नक्षीच्या खोल चरांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते नेमके कुठे आहेत हे दाखवण्यासाठी टायरच्या कडेला टी-डब्ल्यू-आय ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण उमटवलेला असतो. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली म्हणजे ती 1.6 मिलिमीटर उरली, आणि कायद्यानेही तो टायर बाद झाला. मात्र पावसाळ्यातल्या घाटासाठी मी स्वतः एवढी वाट पाहत नाही. चर 3 मिलिमीटरपेक्षा उथळ झाले की टायर बदलतो, कारण रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम हेच चर करतात आणि ते उथळ झाल्यावर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी स्टिअरिंग हातात एकदम हलके लागते आणि गाडी वळवल्याप्रमाणे वळत नाही.

नक्षीबरोबर टायरचे वयही पाहावे. कडेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला आहे. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी चांगली दिसते, पण रबर कडक होऊन त्यावर बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि ओल्या रस्त्यावर कडक रबराची पकड कमी असते. स्टेपनीचीही अशीच तपासणी करावी, कारण वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिलेल्या स्टेपनीत बहुतेक वेळा पुरेशी हवा नसते.

हवेच्या दाबाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. पावसाळ्यात पकड चांगली मिळावी म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असे अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात हवा कमी असलेल्या टायरचा मधला भाग आत दबतो, पाणी नीट बाहेर फेकले जात नाही आणि टायर कमी वेगालाच पाण्यावर चढतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. बहुतेक गाड्यांच्या तक्त्यात दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला जाताना हवा दुसऱ्या आकड्याप्रमाणे भरावी, आणि तीही टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर.

आता ब्रेक. घाट उतरताना ब्रेकवर केवढा भार येतो याची कल्पना एका साध्या हिशेबाने येते. माणसांसह 1400 किलो वजनाची गाडी 600 मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्या ऊर्जेत सुमारे 25 लिटर साधे पाणी उकळीपर्यंत तापू शकते. ती ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. चालकाने सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढला तर त्यातला बराचसा भाग ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि लायनर यांच्यात उष्णता होऊन साठतो, आणि तिथून तो ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, ही गोष्ट गाडी वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. डॉट 4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी तीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ होऊन खाली जाते आणि चाकांपर्यंत दाब पोहोचतच नाही.

काही वर्षांपूर्वी कुंभार्ली उतरताना मी स्वतः हे अनुभवले आहे. पाऊस होता, पुढे मालाने भरलेला टेंपो होता आणि मी तिसऱ्या गियरमध्ये, जवळजवळ सतत ब्रेक दाबत त्याच्या मागे चाललो होतो. आधी जळक्या रबरासारखा उग्र वास आला, तो मला टेंपोचा वाटला. पुढच्या दोन वळणांनंतर, एरवी अर्ध्यावर घट्ट लागणारे पेडल जवळजवळ तळाला टेकले. गाडी दुसऱ्या आणि मग पहिल्या गियरमध्ये टाकून, हॅंडब्रेक हळूहळू ओढत ती डोंगराच्या बाजूला थांबवता आली, कारण वेग मुळातच कमी होता. मागच्या सीटवर माझी आई आणि दोन मुले होती. नंतर गॅरेजमध्ये कळले की ब्रेक ऑइल चार वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. प्रत्येक सर्व्हिसिंगला फक्त पातळी भरून दिली जात होती. पॅड झिजले की डब्यातली पातळी आपोआप खाली येते, त्यामुळे वरून ऑइल ओतत राहिल्याने पॅडची झीजही लपून राहते. म्हणून मेकॅनिकला दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत: ब्रेक ऑइल शेवटचे पूर्ण कधी बदलले, आणि पुढचे पॅड किती मिलिमीटर उरले आहेत. दोन वर्षे उलटली असतील तर ऑइल बदलून घ्यावे, आणि पॅड 3 मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर तेही. मागच्या चाकांना ड्रम असतील तर ते उघडून लायनर पाहायला सांगावे.

बाकीची तयारी थोड्या वेळात होते. वायपरचे रबर काचेवर रेघा सोडत असेल तर ते बदलावे, काच आतून आणि बाहेरून स्वच्छ पुसावी, सगळे दिवे एकदा लावून पाहावेत आणि जॅक, पाना व धोक्याचा लाल त्रिकोण गाडीत असल्याची खात्री करावी. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी जाणार नाहीत अशा बेताने डिकी भरावी, कारण पावसात पंक्चर झाल्यावर सगळ्या पिशव्या रस्त्यावर काढाव्या लागतात. मागच्या सीटवरच्या प्रत्येकाला, आजीलाही, पट्टा लावायला सांगावे.

घाट उतरताना

उतार सुरू होण्यापूर्वीच गियर कमी करावा. तोच घाट चढताना ज्या गियरची गरज पडते तोच गियर उतरताना ठेवावा, हा ट्रकचालकांचा जुना नियम कारलाही लागू पडतो. नागमोडी घाटात हा बहुधा दुसरा गियर असतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. त्याचा आवाज वाढतो, पण टॅकोमीटरचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर इंजिनाला काही होत नाही. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा, मग पाय उचलावा आणि वळण गियरवर काढावे. दोन वळणांमध्ये ब्रेकला मिळणारी ही उसंत फार मोलाची असते. ऑटोमॅटिक गाडीत गियरचा दांडा डी वर ठेवून निर्धास्त राहू नये. एल, 2 किंवा मॅन्युअल अशी जी सोय असेल ती वापरावी. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटर हेच काम करते, परंतु बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात वीज घेण्याला जागा नसते आणि मोटरची ही पकड कमी पडते, म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून लगेच उतरायला लागू नये.

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे किंवा इंजिन बंद करणे हे अतिशय धोक्याचे आहे, आणि त्याने बचतही होत नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी ते लागतेच. इंजिन बंद केल्यास दोन-तीन वेळा दाबल्यानंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे जड होते, स्टिअरिंगही जड होते, आणि किल्ली काढली तर ते अडकूनही बसू शकते.

ब्रेकचा वास आला किंवा पेडल मऊ लागले तर आणखी एक वळण पाहू, असे म्हणू नये. रुंद जागा पाहून थांबावे, गाडी गियरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतले तर ती वाकडी होते किंवा तडकते. निघताना तो दगड आठवणीने उचलून कडेला टाकावा. घाटात असे सोडून दिलेले दगड मी अनेकदा पाहिले आहेत, आणि रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

अरुंद जागी समोरून गाडी वर येत असेल तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यावी, असा नियमच आहे. धुक्यात दिवे डिपरवर ठेवावेत, कारण अप्परचा प्रकाश धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची सवय सोडावी. आपण कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला मग कळतच नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून बाहेरची हवा आत घ्यावी आणि झोत समोरच्या काचेकडे वळवावा. डोंगरावरून बारीक दगड घरंगळत असतील किंवा गढूळ पाण्याचा लोट रस्त्यावर आला असेल, तर तिथे फोटोसाठी क्षणभरही थांबू नये. दरड कोसळण्यापूर्वी अनेकदा अशीच लक्षणे दिसतात.

पाणी आडवे आले तर

कोकणात उतरल्यावर ओढे आणि फरशी पूल लागतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, मग पुढची गाडी सुखरूप गेलेली असली तरीही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या व इतर वाहनेही गेली. अंधारात आणि गढूळ पाण्यात खाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे त्या वाटेने रोज जाणाऱ्यालाही सांगता येत नाही.

वाहते नसलेले, चाकाच्या निम्म्याहून कमी खोलीचे पाणी ओलांडायचेच झाले तर पहिल्या गियरमध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून, मध्ये न थांबता सावकाश जावे. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून ते कोरडे करावेत. गाडी पाण्यात बंद पडली तर मात्र पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात शिरलेले पाणी पिस्टनला दाबता येत नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत भागणारे काम लाखाच्या घरात जाते. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले तशा पुरात उभी गाडी पाण्याखाली गेली असेल, तर ती बॅटरीची तार काढून, ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि कोणत्याही आणीबाणीत 112 हे क्रमांक आहेत.

घरी पोहोचल्यावर गाडी अंगणात सपाट जागी, गियरमध्ये उभी करावी आणि चाकाला दगड लावावा. ओल्या ड्रमवर हॅंडब्रेक ओढून ठेवला आणि गाडी पाच दिवस हलली नाही, तर लायनर गंजून चिकटतात आणि विसर्जनानंतर निघायच्या वेळी मागची चाके फिरत नाहीत. परत निघण्याच्या सकाळी, इंजिन थंड असतानाच कूलंटची पातळी पाहावी, कारण आता भरलेली गाडी तोच घाट चढणार असते. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करून बाजूला थांबावे आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.