विज्ञान प्रदर्शनाला काय न्यायचं? दोन माठ पुरतात

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली, की पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, एखादं सोपं मॉडेल सांगा ना, शनिवार-रविवारात होईल असं." मी माणदेशातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, शेजारच्या तालुक्यांत परीक्षक म्हणूनही जाते. तिथे टेबलांवर काय मांडलेलं असणार ते आता पाठ झालंय: सिरिंजांचा जेसीबी, सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, हिरव्या कागदाच्या शेतातली पवनचक्की. वाईट काहीच नाही. पण "यातून तुला काय कळलं?" असं विचारलं की पोरं सरांनी पाठ करून घेतलेला परिच्छेद म्हणायला लागतात, आणि मधेच एक शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून मॉडेल शोधू नका, प्रश्न शोधा. ज्याचं उत्तर मोजून मिळेल असा. जेसीबीच करायचा हट्ट असेल तर तोही प्रश्न होऊ शकतो: 5 मिलीच्या सिरिंजने 20 मिलीची सिरिंज ढकलली तर किती वजन उचललं जातं, आणि उलट जोडली तर किती? वजनं ठेवत जा, लिहीत जा. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम मग पाठ करावा लागत नाही.

घरातला प्रश्न सगळ्यात चांगला. आमच्याकडचा घेऊ: माठातलं पाणी गार होतं ते नेमकं कशामुळे, आणि किती? सगळ्यांना उत्तर माहीत असतं, "पाणी पाझरतं, त्याची वाफ होते." ठीक आहे, मग दाखव.

कुंभाराकडून एकाच आव्यातले, सारख्या मापाचे दोन छोटे माठ आणा, तीनेक लिटरचे. एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. रंगाने छिद्रं बुजली, म्हणजे या माठातून पाणी पाझरायचं नाही. बाकी सगळं दोघांचं सारखं: माती, आकार, झाकण, टाकीचं पाणी. खरा प्रयोग या रंगवलेल्या माठात आहे, आणि मुलं नेमका तोच गाळतात. नुसता साधा माठ ठेवून "पाणी गार झालं" म्हटलं तर सावलीमुळे झालं की पाझरल्यामुळे, कसं कळणार?

दोन्ही माठ आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा. कोरा माठ आधी स्वतःच पाणी पितो आणि वजनाचे आकडे फसवे येतात. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला घ्या, नाहीतर फिश टँकचा वायरवाला डिजिटल, दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. तापाचा थर्मामीटर चालत नाही. तो 35 अंशांच्या खाली दाखवतच नाही आणि माठातलं पाणी बहुतेक वेळा त्याखालीच असतं. दोन थर्मामीटर वापरणार असाल तर आधी दोन्ही एकाच पेल्यात बुडवा. अर्ध्या-एक अंशाचा फरक सर्रास निघतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला दोन्ही माठांत मोजून तीन-तीन लिटर ताजं पाणी भरा. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा (दुकानदार नाही म्हणत नाही, उलट त्यालाच उत्सुकता असते). व्हरांड्यात सावलीला, जरा अंतर ठेवून मांडा. मग दर तासाला पाणी हलकेच ढवळून तापमान घ्या. न ढवळता घेतलं तर तळाचं आणि वरचं वेगळं येतं, कारण गार पाणी खाली बसतं. हवेचं तापमानही प्रत्येक वेळी लिहा. संध्याकाळी पुन्हा वजन. दुसऱ्या दिवशी माठांच्या जागा बदलून हेच सगळं परत करा, नाहीतर परीक्षक विचारणारच, "त्या कोपऱ्यात वारा जास्त नव्हता कशावरून?"

आता गणित. दुपारी साध्या माठातलं पाणी रंगवलेल्यातल्यापेक्षा 8 अंशांनी गार निघालं असं समजा. फरक रंगवलेल्या माठाशीच काढायचा, सकाळच्या तापमानाशी नाही, कारण दिवसभरात हवाच तापत जाते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने गार व्हायला एक कॅलरी, म्हणजे 3000 ग्रॅम पाणी 8 अंशांनी गार व्हायला 24,000 कॅलरी उष्णता बाहेर जायला हवी. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी लागतात असं पुस्तकात असतं, पण तो आकडा 100 अंशांना उकळणाऱ्या पाण्याचा. 30 अंशांच्या आसपास एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 580 कॅलरींच्या जवळपास लागतात. म्हणजे साधारण 41 ग्रॅम पाणी उडालं की काम झालं.

काटा मात्र याहून बरंच जास्त वजन घटलेलं दाखवेल. इथे पोरं घाबरतात. "मॅडम, चुकलं," म्हणत वहीतला आकडा खोडून 41 च्या जवळचा काहीतरी लिहितात. अजिबात खोडू नका. माठ गार असला की भोवतालची गरम हवा त्याला सतत तापवत असते. ती उष्णता काढून टाकायलाही पाणी उडावंच लागतं. जो मुलगा हे स्वतः बोलून दाखवतो त्याच्या टेबलाशी परीक्षक खुर्ची ओढून बसतात.

आणखी एक करा. हाच प्रयोग एकदा गणपतीच्या दिवसांत आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत घ्या. पावसाळी हवेत दोन माठांतला फरक कमी पडतो, कोरड्या हवेत वाढतो. एका थर्मामीटरच्या टोकाला ओल्या सुती चिंधीची पट्टी गुंडाळून कोरड्या थर्मामीटरशेजारी टांगला की दोघांतल्या फरकावरून हवा किती कोरडी आहे तेही मोजता येतं. माठातल्या पाण्याचं तापमान त्या ओल्या थर्मामीटरच्या आकड्याखाली सहसा जात नाही. दहावीला आर्द्रता शिकवताना माझी निम्मी मेहनत यामुळे वाचते. कोकणातल्या पाहुण्यांकडे माठ आपल्याइतका गार का करत नाही, याचंही उत्तर यातच आहे.

वही एकच ठेवा, जागेवर लिहिलेली. पाण्याचे डाग पडू देत. रात्री बसून सुवाच्य अक्षरात उतरवलेली वही लगेच ओळखू येते: सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात. तक्त्यावर मथळ्याच्या जागी प्रश्नच लिहा, खाली दोन रेघांचा मोठा आलेख, आणि बस्स. साहित्य-कृती-निरीक्षण-अनुमान हे वहीत असतंच. थर्माकोलच्या कमानी नकोत. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी दरवर्षी कोणीतरी आणतंच.

इन्स्पायर-मानकसाठी, म्हणजे शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेसाठी, कल्पना पाठवायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये येतात, पण त्यांना प्रयोगापेक्षा नवीन उपाय हवा असतो. 'मातीचा फ्रीज' लिहून पाठवण्याआधी हे माहीत असू द्या, की गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा 'मिट्टीकूल' केव्हाच बाजारात आहे आणि नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बांना ओल्या वाळूच्या दुहेरी मडक्यासाठी 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळालाय. तुमचं मूल त्यात काय भर घालतंय ते सांगता आलं पाहिजे. मेथीची जुडी किती दिवस टिकली याच्या नोंदी असतील तर बोलायला काहीतरी हाताशी राहतं.

पालकांनी माठ आणून द्यावेत, काटा मिळवून द्यावा आणि बाजूला व्हावं. सगळा खर्च पाचशे-सहाशेच्या आत बसतो. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या ज्याला विज्ञानातलं काही कळत नाही त्याच्यासमोर, आजी उत्तम, मुलाला सगळं सांगू द्या. आजी जिथे "म्हंजे काय रं?" म्हणेल तिथेच परीक्षकही अडवणार. आणि जीपमधून नेताना माठ रिकामे न्या, पाणी तिथे जाऊन भरा. प्रदर्शनातल्या गर्दीत ते तासाभरात मनासारखे गार होणार नाहीत. विचारलं तर तसंच सांगायचं आणि वही पुढे करायची.