पुण्याच्या पेठेतल्या वाड्याची दुरुस्ती आणि नवी पाटी: अर्जाआधीची तयारी

सुतार, गवंडी किंवा पाटीवाला ठरवण्याआधी मिळकत कोणाकोणाच्या अखत्यारीत येते ते कागदावर पक्कं करा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि नकाशाचा उतारा काढा. पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी; नाहीतर सगळी फाईल सह्यांपाशी अडते. मग पत्रिकेवरचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या हेरिटेज सेलमध्ये वारसा यादी, म्हणजे जतन करायच्या जुन्या वास्तूंची यादी, तपासा आणि श्रेणी लिहून घ्या. श्रेणी एकच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायला अगदी निकडीचं कारण लागतं. दोनमध्ये आतले बदल बहुधा चालतात, दर्शनी बाजू मात्र बारकाईने तपासतात. तीनमध्ये मोकळीक जास्त, पण रस्त्याच्या रूपाला न शोभणारं काही चालत नाही.

वाडा शनिवारवाड्याच्या आसपास असेल तर आणखी एक परवानगी आली, कारण ते केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित. अंतर हद्दीपासून धरतात, दिल्ली दरवाज्यापासून नाही. पावलांनी मोजणारे इथेच फसतात. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. दुरुस्तीची परवानगी मागता येते, पण वास्तू 16 जून 1992 पूर्वीची असल्याचं दाखवावं लागतं. जुन्या मिळकतकराच्या आणि भाड्याच्या पावत्या आत्ताच शोधायला घ्या. माळ्यावरच्या ट्रंका एका दुपारी उपसून होत नाहीत.

अर्जासाठी दर्शनी भिंतीचा फोटो समोरून सरळ घ्या, मग प्रत्येक खण (दोन खांबांमधला भाग) वेगळा, सज्जा खालून, आणि जिथे बिघाड आहे तिथे मोजपट्टी धरून जवळून. अर्जात ‘जुनं झालंय, बदलायचंय’ एवढं पुरत नाही. लाकडी खांब तळाशी टोच्याने टोचून पाहा. बहुतेकदा जोत्याच्या दगडालगतचा वीतभर भागच पोकळ निघतो. तेवढाच कापून तिथे सागवान जोडता येतं. सरसकट अख्खे खांब बदलायची मागणी केली की प्रश्न विचारले जातात, आणि ते रास्तच आहे.

गिलाव्याच्या दरपत्रकात सिमेंट दिसलं तर ते परत पाठवा. जुन्या विटेची भिंत ओल शोषते आणि सोडते. वर सिमेंट चढलं की ओल आत कोंडते, क्षार वीट पोखरतात आणि भिंतीत गाडलेलं लाकूड कुजतं. चुना 1 आणि वाळू 3 हे प्रमाण लिहून घ्या, चुना किमान 15 दिवस भिजवलेला. काम पाऊस सरल्यावर धरा. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर परांची बांधायचा विचारही नको.

पाटीचा अर्ज वेगळा आणि खातंही वेगळं: आकाशचिन्ह व परवाना विभाग. दुरुस्तीच्या मंजुरीत पाटी आपोआप येत नाही, आणि पाटीचा परवाना मिळाला म्हणून हेरिटेजची मंजुरी मिळाली असंही होत नाही. पाटी दोन खांबांमधल्या खणातच बसवा, दोन्हीकडे चार-चार बोटं जागा सोडून. सज्ज्यावरून आडवी फ्लेक्सची पेटी ठोकली की कोरीव लाकूडकाम झाकतं, मागे पाणी साचतं, आणि उंदरांची सोय होते ती वेगळीच. नाव देवनागरी मराठीत, इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. दुकान-आस्थापना कायद्यातच तशी अट आहे.

पाटीच्या चित्राबरोबर आडवा छेद (बाजूने कापल्यासारखं दाखवणारं चित्र) जोडा: भिंतीपासून किती पुढे, दिवा कुठे, वायर कुठून. वायर हमखास विसरली जाते आणि मग कोरीव महिरपीवरून खिळे मारत नेली जाते. भोकं दगडात किंवा विटेत न पाडता सांध्यात पाडा. पुढे पाटी उतरवली तर सांधा चुन्याने भरता येतो, दगड नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाची कड उडवतं.

काम सुरू झाल्यावर मंजूर नकाशाची एक प्रत वाड्यातच ठेवा, गवंड्याच्या हाताशी. मापं तोंडी सांगितली की पाटी सहा इंच वाढतेच.