रसभरीची लागवड: खत कमी, तोडणीत धीर

पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, रसभरीची (केप गूजबेरीची) रोपे वाफ्यात लावावीत. जून-जुलैत टाकलेल्या बियांची रोपे तोवर वीतभर होतात. वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा घेतलेल्या जागी मात्र ती लावू नयेत. पीक त्याच कुळातले असल्याने मर रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) तिथल्या मातीत टपून बसलेले असतात.

निचऱ्याची हलकी-मध्यम जमीन चांगली. दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवावे. कुंडीत लावायचे तर ती किमान 15 इंची हवी. खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत पुरे. युरियाचा मोह टाळा: नत्र जास्त झाले की झाड कमरेपर्यंत माजते, पाने हिरवीगार दिसतात आणि फळे मोजकीच लागतात. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून फुले येण्याआधीच काठीचा आधार द्यावा.

बांधावरची रानटी चिरबोटी दिसायला जवळची, त्यामुळे बी घेताना गफलत होते. रसभरीचे पान मखमली, हृदयाकृती आणि पिवळ्या फुलाच्या घशात गडद तपकिरी-जांभळे ठिपके असतात.

पानांची चाळण होत असेल तर पान उलटून पाहा. ठिपक्यांच्या भुंगेऱ्याच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके तिथेच सापडतील. ते चिरडून 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने आकसली तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असण्याची शक्यता मोठी; असे झाड उपटून टाकावे, ते सुधारत नाही. पाणी नियमित द्या. माती कोरडी पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिले की पिकत आलेली फळे तडकतात.

फळाभोवतीचे कागदी टरफल फुगले म्हणजे फळ तयार झाले, असे नाही. टरफल आधी वाढते, आतले फळ मागून भरते; फुलापासून पिकेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. टरफल वाळून पेंढ्याच्या रंगाचे आणि फळ सोनेरी-नारिंगी झाल्यावरच तोडावे. हिरवे फळ, पाने आणि टरफल खाऊ नये, लहान मुलांना हे आवर्जून सांगा. पिकलेली फळे आपोआप गळतात, म्हणून खाली गोणपाट अंथरून दोन-तीन दिवसांआड वेचावीत. दव किंवा पाण्याने भिजलेले टरफल लगेच बुरशी धरते. सावलीत सुकवून टरफलासकट पसरून ठेवल्यास फळे काही आठवडे टिकतात.

जॅमसाठी 1 किलो सोललेली फळे धुऊन वरचा चिकटपणा काढावा, ठेचून 700 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटवावीत. जॅम घट्ट करणारे पेक्टिन फळातच भरपूर असते, वेगळे लागत नाही. थंड बशीवरचा थेंब ओघळेनासा झाला की गॅस बंद करावा.